दार उघडलं, चौकट बाकी

ठाण्याच्या माजिवडा नाक्यावरून पूर्व द्रुतगती मार्गाने मुंबईकडे निघालं की मुलुंड, भांडुप मागे पडतात आणि विक्रोळी लागते. महामार्गाच्या कडेचा गोदरेजचा विस्तीर्ण परिसर म्हटला की आपल्याला कपाटं आणि कुलपं आठवतात. त्याच परिसरात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून इस्रोसाठी विकास इंजिनांचं आणि पुढे क्रायोजेनिक इंजिनांचं काम होत आलं आहे. चांद्रयान ज्या रॉकेटांवरून गेलं, त्यांना विक्रोळीचा हात लागलेला आहे. नाक्यावरून उलट दिशेला कल्याण ओलांडून अंबरनाथला जा. तिथे पारस डिफेन्स अँड स्पेस टेक्नॉलॉजीज या कंपनीचा कारखाना आहे, दुसरा नेरूळला. उपग्रहातल्या कॅमेऱ्याला लागणारे मोठे आरसे आणि भिंगं ही कंपनी बनवते. असं काम करणाऱ्या कंपन्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नाहीत.

म्हणजे ठाणे जिल्हा आणि त्याचा शेजार अवकाश उद्योगात आज नव्याने येतोय असं नाही. तो चाळीस वर्षं तिथेच आहे. फक्त चर्चेत नाही. अवकाश म्हटलं की श्रीहरिकोटा आणि बंगळुरू, आणि खासगी अवकाश म्हटलं की हैदराबाद-चेन्नईचे तरुण उद्योजक, एवढंच चित्र वर्तमानपत्रांतून दिसतं. २०२० नंतर केंद्राने खासगी उद्योगाला अवकाशाचं दार उघडलं, आणि ते योग्यच केलं. पण त्या दाराला अजून कायद्याची चौकट नाही, आणि आत आलेल्याला गिऱ्हाईक मिळेल याची तजवीज नाही. या दोन्ही उणिवांचा भार अखेर लहान कारखानदारावर आणि सामान्य नागरिकावर पडतो. अवकाश धोरणाचा आढावा घ्यायचा तर तो या दोघांच्या बाजूने घ्यायला हवा, असं मला वाटतं.

आधी जुनी व्यवस्था पाहू. तिच्या उभारणीत मराठी माणसांचा वाटा मोठा होता. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस विक्रम साराभाईंच्या पहिल्या सहकाऱ्यांपैकी. केरळातल्या थुंबा उड्डाणतळाची जागा ठरवण्यापासून १९७५-७६ मध्ये २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी नेणाऱ्या 'साइट' प्रयोगापर्यंत ते या कामात होते. शंभरी पूर्ण करून ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. वसंत गोवारीकर इंग्लंडमधून थुंबाला आले आणि घन इंधनाचं तंत्र त्यांनी इथे रुजवलं. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ रॉकेट यशस्वी झालं तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक तेच होते. घन इंधन भरायला पोलादी कवच लागतं, आणि त्यासाठी इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर पुढे आलं. साखर कारखान्याची यंत्रं बनवणाऱ्या त्या गावातून सत्तरच्या दशकापासून रॉकेटच्या मोटरची कवचं जाऊ लागली. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं कवच २.८ मीटर व्यासाचं, एलव्हीएम-३ च्या बूस्टरचं ३.२ मीटरचं. अशा पोलादाचं वेल्डिंग आणि उष्णतासंस्करण करणारे कामगार एका ग्रामीण वसाहतीत तयार झाले, ही महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे आणि आपण ती पुरेशी सांगितलेली नाही.

या व्यवस्थेचा नियम सरळ होता. ड्रॉइंग इस्रोचं, कच्चा माल बहुधा इस्रोने दिलेला, तपासनीस इस्रोचा आणि अपयश आलं तर तेही इस्रोचंच. कारखानदाराने ड्रॉइंगबरहुकूम जॉब करून द्यायचा. धंदा म्हणून अवकाशाकडे पाहण्यासाठी १९९२ मध्ये अँट्रिक्स ही सरकारी कंपनी निघाली. मे १९९९ मध्ये पीएसएलव्हीने पहिल्यांदा पैसे घेऊन परदेशी उपग्रह नेले, एप्रिल २००७ मध्ये इटलीच्या 'अजिले'साठी खास उड्डाण केलं आणि १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एका खेपेत १०४ उपग्रह सोडले. कौतुक जगभर झालं. पण वालचंदनगर, विक्रोळी, अंबरनाथ यांचं स्थान पुरवठादाराचंच राहिलं.

अवकाशाचा जॉब आणि मोटारीचा जॉब यांत फरक काय, हे ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या गाळ्यांमध्ये कुणालाही विचारावं. मोटारीच्या सुट्या भागाची ऑर्डर हजारांत येते; एकदा सेटिंग बसलं की मशीन चालत राहतं. अवकाशाच्या कामात नग पाच-दहा. धातूच्या प्रत्येक कांबीचा हीट नंबर जपायचा, कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर तो उतरवायचा, त्याचं टेस्ट सर्टिफिकेट फाइलमध्ये लावायचं. वेल्डिंगच्या सांध्याचा एक्स-रे काढायचा. मापं मायक्रॉनमध्ये, तीही ठरावीक तापमानाच्या खोलीत सीएमएम या मोजमाप यंत्रावर घ्यायची. शेवटच्या ऑपरेशनला टूल सरकलं तर महिन्याभराची मेहनत रिजेक्शनमध्ये जाते. हे सगळं करून जॉब पास झाला, की पुढची ऑर्डर कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. कायद्याने लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. मात्र हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे, आणि अशा कामात तपासणीच लांबली की मालक बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज भरत बसतो. दोनदा असं झालं की तो पुन्हा मोटारीच्या जॉबकडे वळतो आणि अवकाशाच्या कामाला तयार झालेला ऑपरेटर दुसरीकडे जातो. एकदा पांगलेलं कसब परत गोळा करायला वर्षं लागतात.

उत्साह कमी नाही. पारस डिफेन्सने सप्टेंबर २०२१ मध्ये भांडवल उभारायला शेअर काढले तेव्हा ३०४ पट मागणी आली. देशातल्या शेअर विक्रीतला तो तोवरचा उच्चांक होता. डोंबिवली-ठाण्यातल्या किती घरांतून अर्ज गेले असतील, कल्पना करावी. भांडवल बाजाराला अवकाशाची भूक आहे. प्रश्न ऑर्डरबुकाचा आहे.

२०२० मध्ये दार उघडलं ते असं. जूनमध्ये 'इन-स्पेस' या संस्थेची घोषणा झाली: खासगी कंपन्यांना परवानगी देणारी, त्यांना इस्रोच्या सोयी वापरू देणारी. त्याआधी मार्च २०१९ मध्ये अँट्रिक्सच्या जोडीला न्यूस्पेस इंडिया ही कंपनी निघाली होती. एप्रिल २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण आलं. खासगी कंपनी रॉकेट बांधू शकेल, उपग्रह चालवू शकेल, उड्डाणतळही उभारू शकेल. इस्रोने संशोधनाकडे वळावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीचे नियम सैल झाले: पूर्वपरवानगीशिवाय उपग्रहांच्या व्यवसायात ७४ टक्के, रॉकेट आणि उड्डाणतळात ४९ टक्के, सुट्या भागांत १०० टक्के. ऑक्टोबर २०२४ मध्ये १००० कोटी रुपयांचा साहस भांडवल निधी मंजूर झाला. सरकारी आकड्यांनुसार २०१४ मध्ये या क्षेत्रात एकच स्टार्टअप होतं. २०२३ मध्ये ती संख्या १८९ झाली.

फळंही दिसली. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस उडालं, देशातलं पहिलं खासगी रॉकेट. त्यात नागपूरचा वाटा आहे: स्कायरूटच्या 'कलाम' घन इंधन मोटरच्या चाचण्या सोलर इंडस्ट्रीजच्या नागपूरच्या आवारात झाल्या. खाणींसाठी स्फोटकं बनवणारी कंपनी रॉकेटच्या इंधनापर्यंत पोचली. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या अग्निकुलने चार वेळा थांबवलेलं उड्डाण पूर्ण केलं. बंगळुरूच्या पिक्सेलने २०२५ मध्ये सहा उपग्रह कक्षेत नेले, पण ते अमेरिकेच्या फाल्कन रॉकेटवरून. विद्यार्थ्यांच्या पातळीवर पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्' जून २०१६ मध्ये आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इस्रोने नेला. 'प्रथम'ची कल्पना निघाल्यापासून उड्डाणापर्यंत नऊएक वर्षं गेली; विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलल्या. त्या उपग्रहांवर हात बसलेली मुलं आज या उद्योगात आहेत, आणि मला तरी कुठल्याही धोरणापेक्षा ही गुंतवणूक मोलाची वाटते.

पिक्सेलला अमेरिकेचं रॉकेट का घ्यावं लागलं? कारण आपल्याकडे गाडीच मिळत नाही. २०२४ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटांची सव्वाशेहून अधिक उड्डाणं झाली; श्रीहरिकोटातून कक्षेत जाणारी वर्षभरात ५. त्यात १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरलं, आणि १२ जानेवारी २०२६ रोजी सी६२ देखील तिसऱ्या टप्प्यातच बिघडलं. दुसऱ्या वेळी मुख्य उपग्रहासोबत देशी नवउद्योगांचे आणि परदेशी ग्राहकांचे छोटे उपग्रहही वाया गेले. रॉकेट पडतात; अवकाशात अपयश नवं नाही. गंभीर बाब अशी की पहिल्या अपयशाचा चौकशी अहवाल जनतेसमोर न येताच दुसरं उड्डाण झालं. सरकारी प्रकल्पात हे खपून जायचं. ज्याने कर्ज काढून, गुंतवणूकदाराला शब्द देऊन उपग्रह बांधला आहे त्याला, त्याच्या विमा कंपनीला आणि त्या रॉकेटचे भाग घडवणाऱ्या कारखान्याला चूक कुठे झाली हे कळायलाच हवं. व्यापारी सेवा म्हणून पैसे घ्यायचे असतील तर अपयशाचा अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करणं बंधनकारक असलं पाहिजे.

पण बंधनकारक करणार कोण? इन-स्पेस ही सरकारी निर्णयाने उभी राहिलेली संस्था आहे, संसदेच्या कायद्याने नव्हे. ती, इस्रो आणि न्यूस्पेस इंडिया, तिन्ही एकाच अवकाश विभागाखाली येतात. म्हणजे परवानगी देणारा, सुविधा भाड्याने देणारा आणि बाजारात स्पर्धा करणारा एकाच घरात राहतो. तिथली माणसं सज्जन आहेत, मदतही करतात, हे या क्षेत्रातले उद्योजक सांगतात. पण उद्या तक्रार झाली तर दाद मागायला दूरसंचाराप्रमाणे स्वतंत्र न्यायाधिकरण नाही. अवकाश उपक्रम विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०१७ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला होता. त्याचा कायदा झालेला नाही.

कायदा नसल्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. जानेवारी २००५ मध्ये अँट्रिक्सने देवास मल्टिमीडियाशी करार करून दोन उपग्रहांची बहुतेक क्षमता भाड्याने दिली. फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने तो करार रद्द केला. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने अँट्रिक्सवर ५६ कोटी २५ लाख डॉलरची भरपाई लादली. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देवासची स्थापनाच फसवणुकीसाठी झाल्याचं मान्य केलं, पण परदेशी न्यायालयांतला लढा थांबला नाही. करार चुकीचा होता की रद्द करणं, यावर दोन्ही बाजूंनी ग्रंथ होतील. उपग्रहाच्या रेडिओ लहरी कुणाला द्यायच्या, कोणत्या अटीवर, किती काळ आणि परत कशा घ्यायच्या, हे आधीच कायद्यात असतं तर प्रकरण इथवर आलं नसतं.

नागरिकाच्या बाजूने पाहायचं तर चंद्रपूर जिल्ह्यात जावं लागतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ-खानदेशातल्या आकाशातून जळत्या रेघा गेल्या. पुष्कळांना उल्का वाटल्या. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेत धातूचं एक मोठं कडं येऊन पडलं, व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या आसपास. जवळच्या पवनपार शिवारात धातूचा गोळा सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. इस्रोचे शास्त्रज्ञ गावात येऊन पाहणी करून गेले. सणाच्या संध्याकाळी गाव घराबाहेर होतं. कुणालाही इजा झाली नाही.

झाली असती तर? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार जमिनीवर झालेल्या हानीला रॉकेट सोडणारा देश पूर्ण जबाबदार असतो, चूक सिद्ध न करताही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाला ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळायला १९८१ उजाडलं. लाडबोरीच्या शेतकऱ्याने थेट चीनकडे दावा करायचा नसतो. तो दिल्लीने करायचा. मग दिल्लीकडे कोण जाणार, तहसीलदार की जिल्हाधिकारी, कोणत्या अर्जावर, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत मधल्या काळात उपचाराचे पैसे कोण देणार?

आता हेच उलटं करून पाहा. भारतीय खासगी कंपनीचं रॉकेट दुसऱ्या देशात पडलं, तर भरपाई भारत सरकार देणार. सरकारने ती कंपनीकडून किती वसूल करायची? अमेरिकेत उत्तर कायद्यात आहे: कंपनीने जास्तीत जास्त ५० कोटी डॉलरपर्यंतचा विमा उतरवायचा, त्यापुढचा भार ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार उचलण्याची तरतूद. फ्रान्सने २००८ च्या कायद्यात अशीच मर्यादा घातली. आपल्याकडे इन-स्पेसने मे २०२४ मध्ये मार्गदर्शक नियम काढले आणि विम्याची अट आणली. पण मार्गदर्शक नियम म्हणजे कायदा नव्हे. जबाबदारीला कमाल मर्यादा नसेल तर विमा कंपनी हप्ता चढा लावते, आणि तो चढा हप्ता साखळीतून खाली सरकत गाळ्यातल्या कारखानदाराच्या करारातल्या बारीक अक्षरांपर्यंत येतो.

गिऱ्हाइकाचा प्रश्न मला याहून बिकट वाटतो. २०३३ पर्यंत अवकाश अर्थव्यवस्था सुमारे ८.४ अब्ज डॉलरवरून ४४ अब्जांवर न्यायची, असं इन-स्पेसचं उद्दिष्ट आहे. अमेरिकेत स्पेसएक्स मोठी झाली ती नासा आणि संरक्षण खात्याने आधी ऑर्डर दिल्या म्हणून. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये १२ भू-निरीक्षण उपग्रहांचं १२०० कोटींहून अधिक रकमेचं काम पिक्सेलच्या गटाने जिंकलं ते सरकारी अर्थसाहाय्य शून्य रुपये मागून. बोली लावणाऱ्यांचा आत्मविश्वास मोठा. पण सरकार पहिलं गिऱ्हाईक व्हायला राजी नाही, असाही त्याचा अर्थ होतो. संरक्षणात चित्र बरं आहे: ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ५२ टेहळणी उपग्रहांपैकी ३१ खासगी कंपन्यांनी बांधायचे आहेत.

नागरी बाजूला गरज नाही असं कोण म्हणेल? डोंबिवलीत खोट्या परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तोवर आयुष्याची पुंजी घालून लोक तिथे राहायला आले होते. इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. जोत्यापासून स्लॅबपर्यंतचा प्रत्येक टप्पा दर महिन्याच्या उपग्रहचित्रांत दिसतो. ती चित्रं मंजूर नकाशांवर ठेवून पाहणारा माणूस पालिकेत असता आणि त्याच्या अहवालावर सही करून कारवाई करणं अधिकाऱ्यावर बंधनकारक असतं, तर किती संसार वाचले असते. पीकविम्याचंही तेच. पावसाळ्यात ढगांमुळे साधा कॅमेरा आंधळा होतो, पण रडारचे उपग्रह ढगांतून पाहतात; जुलै २०२५ मध्ये गेलेला इस्रो-नासाचा निसार तसाच आहे. नागपुरात १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, तज्ज्ञ आहेत. पाच मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रं मोफत खुली करायचं धोरणात लिहिलं आहे. अनधिकृत मजला ओळखायला त्याहून बारीक चित्र लागतं आणि ते विकत घ्यावं लागतं. राज्यातल्या महापालिका आणि कृषी खातं मिळून पाच वर्षांचा खरेदी करार करू लागले, तर अंबरनाथच्या भिंगापासून बंगळुरूच्या उपग्रहापर्यंत सगळ्यांना काम मिळेल.

महाराष्ट्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी एक करार केला, तो मात्र स्टारलिंकशी. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव या जिल्ह्यांत उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्यासाठीचं हे इरादापत्र. असं करणारं हे पहिलं राज्य. भामरागडच्या आश्रमशाळेत इंटरनेट पोचणार असेल तर त्याचं स्वागत मनापासून करावं. पण त्याच स्टारलिंकच्या हजारो उपग्रहांची दुसरी बाजू जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जाणवणार आहे. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेना सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये विश्वाचे अतिशय क्षीण संकेत ऐकतात. नेदरलँड्सच्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवून दिलं की या उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्समधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये नको असलेला गोंगाट गळतो. वांगणीला आकाशदर्शनाला जाणारे हौशी निरीक्षकही फोटोंतल्या रेघांनी त्रासले आहेत. इरादापत्राचा करार होताना खोडदच्या आकाशातून जाताना प्रक्षेपण आवरण्याची अट त्यात घालता येईल. परदेशांतल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींशी कंपनीने अशा तडजोडी केलेल्या आहेत.

तेलंगणाने २०२२ मध्ये, गुजरात आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये अवकाश उद्योगासाठी स्वतंत्र धोरणं आणली. महाराष्ट्राचं २०१८ चं धोरण संरक्षण आणि विमान-अवकाश उत्पादनाला एकत्र बांधणारं आहे. राज्याने असं स्वतंत्र धोरण आणलं, तर त्यात लहान कारखानदारासाठी सगळ्यात उपयोगी पडेल ती सोय म्हणजे सामायिक तपासणी केंद्र: एक्स-रे, सीएमएम, कंपन आणि निर्वात-उष्णता चाचणीची यंत्रं एका छताखाली, भाड्याने. आज लहान नवउद्योगाला बहुतेकदा इस्रोच्या किंवा मोठ्या कंपनीच्या दारात रांग लावावी लागते. अंबरनाथ किंवा वागळे इस्टेटमध्ये असं केंद्र उभं राहिलं, तर विक्रोळी, पवई, नेरूळ आणि डोंबिवली एमआयडीसी ही सगळी ठिकाणं फार तर दोन तासांच्या अंतरात येतात. सकाळी टेम्पोत घातलेला जॉब संध्याकाळी तपासणीचा कागद घेऊन गाळ्यात परत येईल, आणि ४५ दिवस त्याच तारखेपासून मोजता येतील.